ओबीएसमधल्या कलर स्पेस आणि कलर रेंजचं हेल्पचं पान वाचूनही लोकांना कळत नाही, ते कसं सुधारायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंग आणि लाइव्ह स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड भागात कलर फॉरमॅट, कलर स्पेस आणि कलर रेंज असे तीन ड्रॉपडाऊन आहेत, त्यांच्यावर तुम्ही हेल्पचं पान लिहायला घेतलंय, ६०१ (साध्या टीव्हीचं रंगाचं स्टँडर्ड) म्हणजे काय, ७०९ (एचडीचं) म्हणजे काय, एसआरजीबी (कॉम्प्युटरच्या स्क्रीनचं) म्हणजे काय हे सगळं व्याख्येसकट दिलंय, तरी पान वाचून झाल्यावर लोक विचारतात की ते सगळं ठीक आहे पण मी ठेवू काय. मग पानात कमी काय पडतंय?

मी लाइव्ह स्ट्रीमिंग आणि एडिटिंग दोन्ही बाजूंनी बरीच वर्षं काम करतोय आणि टीममधल्या नव्या मुलांसाठी अशी पानं लिहीत आलोय, म्हणून जरा लांब उत्तर देतो. व्याख्या चुकीच्या नाहीत, पण वाचणारा व्याख्या शोधत आलेलाच नसतो. त्याचं रेकॉर्डिंग फिकट दिसतंय किंवा काळ्या भागात सगळं बुडालंय किंवा लाल रंग नारिंगी दिसतोय, आणि समोर तीन ड्रॉपडाऊन आहेत. त्याला एकच गोष्ट आधी कळायला हवी की हे बटण फिरवलं तर नक्की कशाला हात लागतो. माझ्या मते कलरच्या कुठल्याही सेटिंगवर लिहिताना पहिलं वाक्य हेच असायला पाहिजे, आणि बहुतेक पानांत नेमकं तेच नसतं.

कारण कलरची सेटिंग तीन अगदी वेगळी कामं करतात आणि तिन्हींना मेनूत नाव एकच असतं. एक काम म्हणजे येणाऱ्या सिग्नलचा अर्थ लावणं, म्हणजे कॅमेऱ्याकडून किंवा कॅप्चर कार्डाकडून (बाहेरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये आणणारं यंत्र) पिक्सेलच्या रंगांचे आकडे आले ते ६०१ चे समजायचे की ७०९ चे, काळा १६ वर धरायचा (लिमिटेड रेंज) की ० वर (फुल रेंज). दुसरं काम म्हणजे बाहेर जाताना आकडे खरोखर बदलणं, म्हणजे कन्व्हर्ट करणं. तिसरं काम म्हणजे आकड्यांना हात न लावता फाईलवर फक्त खूण टाकणं की बाबा हे ७०९ आहे, पुढच्या प्लेअरने तसं वाचावं. डब्यात मीठ असताना बाहेर साखरेची चिठ्ठी लावली तर आत साखर होत नाही, आणि आतलं मीठ काढून साखर भरली पण चिठ्ठी मिठाचीच राहिली तरीही चहा बिघडतोच. हे एवढं वाचणाऱ्याच्या डोक्यात बसलं की पुढचं अर्धं पान त्याला आपोआप कळतं.

आता हे ओबीएसला लावून बघा. विंडोजवर व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस जोडलं की त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पण कलर स्पेस आणि कलर रेंज दिसतात. ते पहिलं काम करतात, फक्त अर्थ लावतात. ॲडव्हान्स्डमध्ये जे आहेत त्यांचा सोर्सशी, म्हणजे आत येणाऱ्या चित्राशी, संबंध नाही, ते आउटपुटचे आहेत, ते आकडे बदलतात आणि फाईलवर खूणही टाकतात. एकाच सॉफ्टवेअरमध्ये एकाच नावाचे दोन ड्रॉपडाऊन दोन उलट दिशांना काम करतात, आणि माणूस कॅप्चर कार्डाचा प्रॉब्लेम ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन सोडवायला बघतो, तिथे फुल करतो, लिमिटेड करतो, परत फुल करतो आणि काहीच होत नाही. तुमच्या पानात या दोघांसाठी दोन वेगळे भाग हवेत आणि पहिल्याच ओळीत दुसऱ्याकडे बोट दाखवायला हवं, की तुमचा प्रॉब्लेम एकाच कॅमेऱ्यात असेल तर इथे नाही, त्या सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये जा.

याच्याही पुढची गंमत एसआरजीबी आणि ७०९ मध्ये आहे. आउटपुटला हे दोन पर्याय वेगळे दिसतात म्हणून लोकांना वाटतं रंग बदलणार. प्रत्यक्षात दोघांचे प्रायमरीज (मूळ लाल, हिरवा, निळा नक्की कुठले) सारखे, आरजीबीचं वायसीबीसीआर, म्हणजे उजेड वेगळा आणि रंग वेगळा, करायचं सूत्र म्हणजे मॅट्रिक्सही ७०९ चंच, फरक पडतो तो ट्रान्सफरच्या (आकड्याचा किती उजेड होतो त्या वक्राच्या) खुणेत. एच.२७३ या, अशा खुणांना आकडे ठरवून देणाऱ्या, स्टँडर्डच्या आकड्यांत सांगायचं तर ७०९ निवडलं की प्रायमरीज १, ट्रान्सफर १, मॅट्रिक्स १ आणि एसआरजीबी निवडलं की १, १३, १. आता बहुतेक प्लेअर त्या मधल्या आकड्याकडे बघत नाहीत त्यामुळे काही फरक दिसत नाही, पण मॅकवर क्विकटाइम बघतो, म्हणून तीच फाईल तिकडे थोडी उजळ आणि इकडे थोडी गडद दिसू शकते. ही गोष्ट पानात दोन ओळींत लिहिली तर कितीतरी लोकांचा वेळ वाचेल, आणि ती व्याख्येतून कधीच कळणार नाही. एसआरजीबीची व्याख्या कितीही सुंदर लिहा, १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलं, १९९९ मध्ये स्टँडर्ड झालं वगैरे, त्यातून वाचणाऱ्याला हे समजत नाही की या सॉफ्टवेअरमध्ये ते निवडल्यावर फक्त चिठ्ठी बदलते. म्हणून माझा आग्रह असतो की असं पान लिहिण्याआधी डेव्हलपरला एकदा विचारा किंवा कोड वाचा, एन्कोडरला (व्हिडिओ दाबून फाईल बनवणाऱ्या भागाला) कुठल्या खुणा दिल्या जातात ते कोडमध्ये स्पष्ट दिसतं.

एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या कमांड-लाइन टूलवर लिहिणाऱ्यांनी पण हेच पाळायला हवं. तिथे आउटपुटला कलर प्रायमरीज, ट्रान्सफर, कलरस्पेस असे ऑप्शन दिले की लोकांना वाटतं व्हिडिओ ६०१ चा ७०९ झाला. झालेला नसतो, फक्त खूण पडलेली असते. खरोखर बदलायचं तर स्केल, कलरस्पेस किंवा झेडस्केल फिल्टरमधून पाठवावं लागतं. शिवाय तिथे कलरस्पेस हा शब्द एकट्या मॅट्रिक्ससाठी वापरतात, तर ओबीएसच्या मेनूत कलर स्पेस म्हटलं की प्रायमरीज, ट्रान्सफर आणि मॅट्रिक्स तिन्ही एकदम ठरतात. ओबीएसचं पान वाचून एफएफप्रोबने फाईल तपासणारा माणूस इथेच अडकतो, म्हणून ही ओळ तुमच्या पानात टाकाच.

दुसरी मोठी गोष्ट प्रिव्ह्यूची. ओबीएसचा प्रिव्ह्यू आरजीबीमध्ये, म्हणजे वायसीबीसीआर होण्याच्या आधीच्या चित्रावरून काढलेला असतो. त्यामुळे एसडीआरमध्ये, म्हणजे नेहमीच्या साध्या व्हिडिओत, आउटपुटची कलर रेंज किंवा ६०१-७०९ बदलून प्रिव्ह्यूकडे बघत बसलात तर काहीही हलणार नाही, आणि माणूस साहजिकच ठरवतो की या सेटिंगने काही होत नाही, आणि तसंच कुठलंतरी ठेवून पुढे जातो, चूक कळते ती कार्यक्रम संपल्यावर फाईल उघडल्यावर. उलट सोर्सच्या प्रॉपर्टीजमधली रेंज बदलली की प्रिव्ह्यू लगेच बदलतो. म्हणजे प्रत्येक सेटिंगच्या खाली परिणाम कुठे दिसेल हे लिहिणं आवश्यक आहे: प्रिव्ह्यूमध्ये, की फक्त रेकॉर्ड झालेल्या फाईलमध्ये, की फक्त काही प्लेअरमध्ये. स्ट्रीम किंवा रेकॉर्डिंग चालू असताना ही आउटपुटची सेटिंग बदलता येत नाहीत तेही तिथेच सांगून टाका.

आता लक्षणं. पानाची सुरुवात मी तिथूनच करेन कारण माणूस तिथूनच येतो, आणि नशिबाने इथे लक्षणं बऱ्यापैकी स्वच्छ वेगळी करता येतात. मॅट्रिक्सची चूक असेल, म्हणजे ६०१ ने लिहिलेलं ७०९ ने वाचलं, तर काळा, पांढरा आणि मधले सगळे करडे जसेच्या तसे राहतात, फक्त रंग सरकतात. कारण दोघांच्या ल्युमाच्या, म्हणजे उजेडाच्या, सूत्रात लाल, हिरवा, निळा यांचा वाटा वेगळा आहे, ६०१ मध्ये ०.२९९, ०.५८७, ०.११४ आणि ७०९ मध्ये ०.२१२६, ०.७१५२, ०.०७२२, पण बेरीज दोन्हीकडे १ च येते म्हणून करड्याला फरक पडत नाही. शुद्ध लाल २५५, ०, ० घेऊन ६०१ ने लिहा आणि ७०९ ने वाचा, साधारण २५५, २५, ० येतो, म्हणजे नारिंगीकडे झुकलेला. शुद्ध हिरवा २५५ वरून २१५ च्या आसपास उतरतो. उलट केलं, ७०९ चं ६०१ ने वाचलं, तर लाल २३३ पर्यंत खाली येऊन गडद होतो. हे आकडे पानात द्या, सूत्र देऊ नका. सूत्र वाचून कुणी पडताळत नाही पण आपल्या एडिटरमध्ये आयड्रॉपर लावून २५ दिसतंय का हे प्रत्येकजण बघू शकतो.

आपल्याकडे लग्नाचं लाइव्ह करणाऱ्यांना हे लगेच पटेल. दोन कॅमेरे दोन वेगळ्या कॅप्चर कार्डांवर असतात, एकाच्या प्रॉपर्टीजमध्ये ६०१ पडलेलं असतं दुसऱ्याच्या ७०९, आणि एकावरून दुसऱ्यावर कट मारला की शालूचा लाल आणि चेहऱ्याचा रंग बदलतो. मग व्हाइट बॅलन्सवर संशय घेऊन अर्धा तास जातो. व्हाइट बॅलन्स बिघडला असेल तर पांढरा शर्टपण पिवळट किंवा निळसर दिसेल ना, मॅट्रिक्सच्या चुकीत पांढरा पांढराच राहतो. ही एक ओळ, पांढरा बघा, पानात पाहिजेच.

रेंजची चूक याच्या बरोबर उलटी वागते, रंगाची जात तीच राहते पण काळा आणि पांढरा हलतो. लिमिटेडमध्ये आठ बिटला काळा १६ आणि पांढरा २३५, फुलमध्ये ० आणि २५५. लिमिटेड सिग्नल फुल समजून वाचला तर काळा १६ वरच राहतो म्हणजे करडा दिसतो, पांढरा २३५ वर अडकतो, चित्रावर धूळ बसल्यासारखं. फुल सिग्नल लिमिटेड समजून वाचला तर १६ च्या खालचं सगळं काळं आणि २३५ च्या वरचं सगळं पांढरं, मधलं सगळं ताणलं जातं. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी मी कुठल्याच पानात नीट लिहिलेली पाहिली नाही: मधला करडा जवळपास हलत नाही. १२८ होता तो एका चुकीत १२६ होतो, दुसऱ्या चुकीत १३०. म्हणून नेहमीच्या उजेडातला चेहरा बघून रेंज बरोबर आहे की नाही कधीच ठरवता येत नाही, टोकं बघावी लागतात, काळे केस, काळा कोट, पांढऱ्या कपड्याच्या चुण्या. पानात तपासायची रीत सांगताना चेहऱ्याचा फोटो टाकलात तर वाचणाऱ्याला तुम्ही चुकीच्या जागी बघायला लावताय.

याच कारणाने एक सल्ला जगभर पसरलाय की रेंज फुल करा, रंग खुलतात. तुमच्या पानाने याला नाव घेऊन उत्तर द्यायला पाहिजे, नुसतं लिमिटेड वापरा म्हणून भागणार नाही, कारण ज्याने फुल करून बघितलंय त्याला खरंच चित्र ठसठशीत दिसलेलं असतं, त्याचे डोळे खोटं बोलत नाहीयेत. पुढच्या प्लेअरने किंवा साइटने फुलची खूण पाळली नाही आणि फाईल लिमिटेड म्हणून वाचली, की सावल्या चिरडल्या जातात, हायलाइट उडतात आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. जे खुललेलं वाटतं ते डिटेल गेल्यामुळे वाटतं. हे कारणासकट सांगितलं की माणूस स्वतःहून सेटिंग परत फिरवतो. आणि जिथे फुल योग्य आहे तेही सांगा, उदाहरणार्थ पुढे एडिटिंगमध्ये जाणारं रेकॉर्डिंग, ज्या एडिटरमध्ये ते फुल म्हणून वाचलं जातंय हे तुम्ही तपासलंय तिथे चालेल. स्ट्रीमसाठी नको. यूट्यूबची स्वतःची शिफारसही एसडीआरला बीटी.७०९ ची, म्हणजे याच ७०९ ची, आहे.

अजून एक प्रश्न बहुतेक डॉक्युमेंटेशनमध्ये अनुत्तरित राहतो: बिघडलेलं दुरुस्त होतं का. कार्यक्रम होऊन गेलाय, फाईल हातात आहे, माणूस घाबरलेला आहे, त्याला हेच हवंय. फक्त खूण चुकली असेल तर फाईल परत एन्कोड न करता खूण बदलता येते, एफएफएमपेगमध्ये त्यासाठी एच.२६४ चा मेटाडेटा फिल्टर आहे. लिमिटेड सिग्नल फुल समजून रेकॉर्ड झाला, म्हणजे फिकट, तर एडिटरमध्ये लेव्हल्स ओढून बराचसा परत मिळतो, थोडं बँडिंग, म्हणजे रंगांचे पट्टे, येईल. पण कॅप्चरच्या वेळीच फुल सिग्नल लिमिटेड समजला गेला आणि टोकं कापली गेली तर ती माहिती फाईलमध्ये नाहीच, कुठल्याही प्लगइनने येणार नाही. हे तीन प्रकार वेगळे करून लिहा. तिसऱ्यासाठी कार्यक्रमाआधी तपासणं एवढाच उपाय आहे, आणि हे सांगताना शब्द मऊ करू नका.

नमुना म्हणून कलर रेंजच्या नोंदीचा मसुदा देतो. बऱ्याच ठिकाणी अशी ओळ असते: "कलर रेंज: व्हिडिओची कलर रेंज निवडा." यातून काहीच कळत नाही, मेनूत लिहिलंय तेच परत लिहिलंय. मी असं लिहीन:

"कलर रेंज, आउटपुटची. रेकॉर्डिंग आणि स्ट्रीममध्ये काळा आणि पांढरा कुठल्या आकड्यावर ठेवायचा ते ठरवतं. लिमिटेडमध्ये १६ ते २३५, फुलमध्ये ० ते २५५. हे बदललं की फाईलमधले आकडे बदलतात आणि फाईलवरची खूणही बदलते. प्रिव्ह्यूमध्ये फरक दिसणार नाही. स्ट्रीम करत असाल तर लिमिटेडच ठेवा. एकाच कॅमेऱ्याचं किंवा कन्सोलचं चित्र फिकट किंवा जास्त काळं दिसत असेल तर हे सेटिंग बदलू नका, त्या सोर्सच्या प्रॉपर्टीजमधली कलर रेंज बघा. फुल निवडलंत तर एक छोटं रेकॉर्डिंग करून ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते पुढे वापरणार आहात तिथे उघडून काळा भाग तपासा."

लांब वाटेल, पण यात एकही ओळ अशी नाही की जी काढली तर कुणी अडकणार नाही. टूलटिपमध्ये एवढं मावत नाही, तिथे फक्त कशाला हात लागतो ती ओळ आणि स्ट्रीमची ओळ ठेवा. माणूस ड्रॉपडाऊनसमोर असताना दिसलेली एक ओळ, वेगळ्या टॅबमध्ये उघडायच्या दहा पानांपेक्षा जास्त काम करते. ओबीएसमध्ये कलर फॉरमॅट एनव्ही१२ सोडून दुसरा निवडला की इशारा येतो की हे मुख्यतः रेकॉर्डिंगसाठी आहे, स्ट्रीमला सीपीयूवर भार वाढू शकतो. निवड करायच्या क्षणी, निवडीच्या शेजारी, कारणासकट. रेंजलाही तसंच हवं.

नावांचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. एकाच लिमिटेडला एफएफएमपेगमध्ये टीव्ही किंवा एमपेग म्हणतात, डाविंची रिझॉल्व्हमध्ये व्हिडिओ लेव्हल, ब्रॉडकास्टवाले लीगल म्हणतात, ओबीएसच्या जुन्या व्हर्जनमध्ये पार्शल होतं. फुलला कुठे पीसी, कुठे जेपेग, कुठे डेटा लेव्हल. शिवाय प्लेस्टेशनच्या मेनूत आरजीबी रेंज, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज. हा डायनॅमिक रेंज शब्द वाचून माणसाला एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारा व्हिडिओ, आठवतं आणि तो भलतीकडेच जातो. एक छोटा तक्ता द्या, डावीकडे सॉफ्टवेअर किंवा यंत्र, उजवीकडे दोन नावं, बाकी काही नाही. लोक पान शोधत येतात तेच मुळी या शब्दांवरून, पार्शल शोधणाऱ्याला लिमिटेडचं पान सापडलं पाहिजे, म्हणून जुनी नावं काढून टाकू नका, तक्त्यात राहू द्या.

डीफॉल्ट आणि ऑटो हे दोन शब्द मात्र असेच सोडू नका. सोर्सच्या ड्रॉपडाऊनमध्ये डीफॉल्ट असा पर्याय असतो आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. डीफॉल्ट म्हणजे ड्रायव्हर सांगेल ते, की सॉफ्टवेअरने धरलेला ठरावीक पर्याय, की रिझोल्यूशन बघून केलेला अंदाज? खुणा नसलेल्या फाईलसाठी बरेच प्लेअर खरंच अंदाज करतात, चित्र एसडी असेल तर ६०१ आणि एचडी असेल तर ७०९. म्हणून कधीकधी असं होतं की तीच क्लिप १०८० मध्ये बरोबर आणि ४८० मध्ये एक्सपोर्ट केल्यावर रंग वेगळे, आणि माणूस एक्सपोर्टच्या क्वालिटीला दोष देतो. डीफॉल्ट कशावर जाऊन थांबतो ते डेव्हलपरकडून काढून घ्या आणि कुठल्या व्हर्जनपासून ते शेजारी लिहा. व्हर्जन महत्त्वाचं आहे कारण ओबीएसमध्येच आउटपुटचा डीफॉल्ट एकेकाळी ६०१ होता, नंतर ७०९ झाला, आणि जुन्या काळातले व्हिडिओ ट्युटोरियल अजून फिरतायत, त्यात ६०१ वरून ७०९ करा असं आवर्जून सांगतात, आजच्या नव्या युजरला ते आधीच ७०९ दिसतं आणि तो गोंधळतो की आपलं काही चुकतंय का.

६०१ आणि ७०९ दोन्ही का आहेत हे थोडक्यात सांगायला हरकत नाही, पण पानाच्या शेवटी. ६०१ हे १९८२ चं, साध्या टीव्हीच्या डिजिटल चित्रासाठी, ७०९ हे १९९० चं, एचडीसाठी. एवढं पुरे. काही लेखकांना प्रायमरीजचा त्रिकोण काढल्याशिवाय चैन पडत नाही, मला तो त्रिकोण आवडतो, पण ड्रॉपडाऊन उघडून बसलेल्या माणसाला त्यातून काय निवडायचं ते कळत नाही.

कलर फॉरमॅटवर फार वेळ घालवू नका. एनव्ही१२ आणि आय४२० दोन्ही ४:२:०, रंगाची माहिती दर चार पिक्सेलमागे एकदा, मेमरीत मांडणी वेगळी एवढंच. आय४४४ मध्ये प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग. १९२० गुणिले १०८० च्या एका फ्रेमला एनव्ही१२ मध्ये साधारण ३१ लाख बाइट, आय४४४ मध्ये दुप्पट. फरक दिसतो तो काळ्यावर बारीक लाल किंवा निळ्या अक्षरांत, कोडिंग शिकवणाऱ्यांना एडिटरच्या डार्क थीममध्ये हटकून दिसतो. बाकीच्यांनी एनव्ही१२ वरून हलायचं कारण नाही, आणि आय४४४ चं रेकॉर्डिंग काही प्लेअरमध्ये आणि फोनवर चालतच नाही हे आधी सांगा, फायदे नंतर.

एचडीआरचं पान पूर्ण वेगळं ठेवा. ओबीएसमध्ये ते २०२२ मध्ये २८ व्या व्हर्जनला आलं, त्यासाठी पी०१० सारखा दहा बिटचा फॉरमॅट, कलर स्पेसमध्ये २१०० (एचडीआरचं स्टँडर्ड) चा पीक्यू किंवा एचएलजी पर्याय आणि एचईव्हीसी किंवा एव्ही१ एन्कोडर असं सगळं एकत्र जुळावं लागतं. एसडीआरच्या पानात त्याचा एक लिंकवजा उल्लेख, आणि एक ठळक ओळ: एचडीआर कॅमेरा नाही, एचडीआर गेम नाही, तर २१०० निवडल्याने चित्र सुधारत नाही. एसडीआर व्हाइट लेव्हल ३०० निट्स दिसतं ते काय हे त्या वेगळ्या पानात.

चित्रांबद्दल कळकळीने सांगतो. तुलना दाखवायला प्लेअरचे स्क्रीनशॉट घेऊ नका. स्क्रीनशॉट घेताना त्या मशीनचं कलर मॅनेजमेंट, मॉनिटरचं प्रोफाइल, प्लेअरचा अंदाज सगळं त्यात मिसळतं, वाचणाऱ्याला दिसतं ते तुमच्या मशीनचं. त्याऐवजी एक स्वच्छ पीएनजी घ्या आणि वर दिलेली चूक आकडेमोडीने त्यावर करून दुसरं पीएनजी बनवा, मग दोन्हीत फरक नक्की तेवढाच असेल जेवढा असायला हवा. चित्रात काय हवं? ० पासून २५५ पर्यंत करड्याची पट्टी, काळ्याच्या शेजारी ४, ८, १२, १६, २० असे चौकोन, पांढऱ्याच्या शेजारी तसेच, आणि शुद्ध लाल, हिरवा, निळा. हीच फाईल डाउनलोडला द्या. वाचणाऱ्याने ती ओबीएसमध्ये इमेज सोर्स म्हणून लावायची, काही सेकंद रेकॉर्ड करायचं, उघडून बघायचं. काळ्याशेजारचे चौकोन वेगळे मोजता येत नसतील तर रेंज, लाल नारिंगी असेल तर मॅट्रिक्स. पाच मिनिटांत निदान होतं. फक्त हे लिहा की ही तपासणी आउटपुटची आहे, कॅप्चर कार्डाची नाही, कार्डासाठी तेच चित्र कन्सोलवर किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर लावून एचडीएमआयने आत आणावं लागेल.

आणि खूण तपासायची रीत. मीडियाइन्फो या फाईलची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये फाईल उघडली की व्हिडिओच्या भागात कलर रेंज, प्रायमरीज, ट्रान्सफर आणि मॅट्रिक्स अशा चार ओळी दिसतात. त्या ओळी नसतील तर फाईलवर खूणच नाही, मग प्लेअर अंदाज करतोय. खूण दोन ठिकाणी असू शकते, व्हिडिओच्या स्ट्रीममध्ये आणि एमपी४ किंवा एमओव्हीच्या डब्यात (कंटेनरमध्ये), दोन्ही जुळत नसतील तर दोन प्लेअर दोन वेगळं दाखवतील आणि दोघंही आपल्या परीने बरोबर असतील. एवढं पान वाचणाऱ्याला माहीत असलं की तो प्रश्न विचारताना त्या चार ओळी सोबत देतो, आणि उत्तर देणाऱ्याचं काम पहिल्याच फेरीत होतं. मी तर मदत मागण्याच्या सूचनेतच हे टाकतो: चार ओळी द्या, कुठल्या प्लेअरमध्ये बघितलं ते द्या, प्रिव्ह्यूमध्ये दिसतंय की फक्त फाईलमध्ये ते द्या.

शेवटी पान तयार झालं की ते कलरवाल्याला वाचायला देऊ नका, त्याला आधीच माहीत असतं, तो रिकाम्या जागा मनात भरून घेतो. ज्याने ओबीएस वापरलंय पण हा टॅब कधी उघडला नाही अशा दोघातिघांना बसवा, मुद्दाम रेंज बिघडवलेलं एक रेकॉर्डिंग द्या आणि फक्त विचारा की कुठलं सेटिंग बदलशील आणि बदलल्यावर कुठे काय दिसेल असं तुला वाटतं. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. बरोबर सेटिंग नशिबानेही सापडतं, पण प्रिव्ह्यूमध्ये फरक दिसेल असं उत्तर आलं तर समजा ती ओळ पानात असूनही त्याच्या नजरेला आलेली नाही, ती वर न्या. मी तुमच्या जागी असतो तर सगळं एकदम लिहायला घेतलं नसतं, आधी फक्त आउटपुटच्या रेंजची नोंद आणि सोर्सच्या रेंजची नोंद या दोन लिहून त्यांच्यावर हे करून बघितलं असतं, कारण मला येणाऱ्या तक्रारींतला सगळ्यात मोठा वाटा या दोघांच्या गोंधळातूनच येतो. त्या दोन नोंदींचा मसुदा इथे टाका, आकडे आणि खुणा मी तपासून देतो.